मूळ, खोड, पान आणि बाप

आमच्याकडे हल्ली भेंडीची भाजी होत नाही. भेंडी या फळाची होते. वांग्याचं भरीत हे फळाचं भरीत असतं, दोडक्याच्या शिरांची चटणी ही फळाच्या सालीची चटणी असते, आणि फ्लॉवर केला की माझा मुलगा ईशान "आज फुलोरा का?" असं म्हणून ताट सरकवतो. फ्लॉवर तो पूर्वीही खात नव्हता. पण पूर्वी नुसता नको म्हणायचा, आता शास्त्राधार देऊन नको म्हणतो. हा शास्त्राधार त्याला मीच पुरवला. घरातल्या एकूण एक आपत्तींचं मूळ मी असतो असं मीनलचं लग्नापासूनचं मत आहे. या खेपेस ते सोटमूळ आहे की तंतुमूळ, एवढंच ठरायचं राहिलंय.

सुरुवात कांद्याने झाली. जूनअखेरच्या चाचणीत माझ्या मुलीला, मुक्ताला, प्रश्न आला होता, कांदा हा वनस्पतीचा कोणता भाग आहे? तिने लिहिलं ‘मूळ’. त्यावर लाल फुली. पेपरवर सही करता करता मी म्हणालो, "बरोबरच तर आहे. जमिनीखाली येतो म्हणजे मूळच की."

मी बँकेत कर्जविभागात आहे. बारावी कॉमर्स. वनस्पतिशास्त्राशी माझा शेवटचा संबंध दहावीत आला, तोही जास्वंदीच्या फुलाच्या उभ्या छेदाची ‘सुबक व नामनिर्देशित’ आकृती काढण्यापुरता. सुबक नाही तर नाही, निदान नामनिर्देशित असावी, या धोरणावर मी पास झालो. तरीपण बाप झालं की आवाजात आपोआप एक अधिकार येतो. तो मुक्ताने पुस्तक उघडून माझ्या नाकासमोर धरलं तेव्हा गेला. तिथे स्वच्छ छापलं होतं : भूमिगत खोड.

"शाळेत वरवरचं शिकवतात," मी म्हणालो. "उद्यापासून मी घरी शिकवतो. दोघांनाही."

मुक्ता सातवीत, ईशान पाचवीत. ईशानचा यात काही गुन्हा नव्हता.

पहिला तास ओट्याशी झाला. रात्री जागून मी वाचून ठेवलं होतं. कांदा उभा कापला आणि बुडाची ती मिशा असलेली चपटी चकती दाखवली, जी आपण सगळ्यांत आधी उडवून कचऱ्यात टाकतो. "हे खोड. एवढंच. आणि आपण जे थर चिरतो ते पानांचे जाडजूड झालेले तळ. झाड त्यात अन्न साठवतं."

"म्हणजे आपण खातो ती पानं?"

"हो."

"मग पुस्तकातलंही चूक?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी येत असताना माणूस जरा जास्त बोलतो. "अर्धवट," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात वहीत शेरा आला. मुलगी वर्गात वाद घालते, पालकांनी भेटावे. भेटलो. बाईंनी विचारलं, "आपण बॉटनीतले का?" मी म्हणालो, "कर्जविभागातला." त्यावर बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी रोज काउंटरच्या या बाजूने वापरतो.

माझी दुसरी अडचण भाषेची. मुलं सेमी-इंग्रजीतली. माझ्या डोक्यात निदलपुंज, दलपुंज, पुमंग आणि जायांग हे चार शब्द अथर्वशीर्षासारखे एका दमात बसलेले. मधूनच सुरू करता येत नाहीत. मी ते म्हणून दाखवले तेव्हा ईशानने विचारलं, "जायांग कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर मिळतं का?"

तेव्हा प्रत्यक्ष फूलच आणायचं ठरलं. आमच्या गॅलरीत एक तुळस, एक कोरफड आणि एक नुसती माती असलेली कुंडी. जास्वंद तळमजल्यावरच्या काकूंची, आणि काकू रोज सकाळी फुलं मोजतात. मी एक फूल मागायला गेलो. "देवाला का?" त्यांनी कौतुकाने विचारलं. "नाही, कापायला," मी म्हणालो. नेमका मंगळवार होता. काकूंनी दार लावून घेतलं, पण थोड्या वेळाने मनाला लागलं असावं. आदल्या दिवशीच्या निर्माल्यातली दोन सुकत आलेली फुलं पिशवीतून वर पाठवली.

त्या दोन फुलांनी मात्र माझी लाज राखली. दाढीच्या ब्लेडने मी फूल उभं कापलं. मधोमध लांब नळी, नळीच्या अंगाला दाटीने लागलेले पिवळे परागकोश, हाताला लागले की हळदीसारखी बोटं पिवळी. आणि नळीच्या अगदी टोकाला पाच बारकी लाल बोंडं. दहावीत ही बोंडं मी पाच गोळे काढून दाखवली होती आणि बाण मारून ‘कुक्षी’ लिहिलं होतं. ती खरोखर मखमली असतात, परागकण चिकटून राहावेत म्हणून, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी भिंग धरून इतका वेळ बघत राहिलो की ईशानने शेवटी विचारलं, "बाबा, आता आमचा नंबर कधी?"

मुक्ताने खालचा अंडाशय आडवा कापला. आत पाच कप्पे. ती काही न बोलता उठली, फ्रिजमधून एक भेंडी घेऊन आली, आडवी कापली आणि शेजारी ठेवली. तिथेही पाच. मी आदल्या रात्री वाचलं नसतं तर माझी बोबडी वळली असती. "बरोबर. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या," मी म्हणालो. "कापूससुद्धा. म्हणजे ताटातली भाजी, देवावरचं फूल आणि आबांचा सदरा, सगळं एका घरातलं."

कुळ म्हटल्यावर आईने वाती वळता वळता कान टवकारले. "मग भेंडीचं कुलदैवत कोण?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निकालही दिला, "जास्वंद वाहतात म्हणजे गणपती. उगाच नाही चतुर्थीला ऋषिपंचमीला भेंडी चालत."

मी विषय आवरण्यासाठी दुसरं कुळ काढलं आणि तिथे फसलो. वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची हे सगळं एकाच गणगोतातलं, आणि प्रत्येक घराण्यात असतात तसे वाया गेलेले दोघं यातही आहेत, एक धोतरा आणि दुसरा तंबाखू, असं मी सांगितलं. तंबाखू म्हणताना मी मुद्दाम आबांकडे पाहिलं. आबा चाळीस वर्षं जेवणानंतर चिमूट मळतात. त्यांनी डबीचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि आईकडे वळून म्हणाले, "वांग्याची पुतणी निघाली. किती वर्षं सांगतोय तुला, ही पालेभाजी आहे."

त्या दिवशी मीनलने शिकवणीचा जमाखर्च मांडला. लाभ काही नाही, तोटा एक ब्लेड, एक भेंडी आणि आबांची गेलेली भीती.

मग मुगाचा प्रयोग. दोन वाट्या, ओला कापूस, प्रत्येकी दहा मूग. एक वाटी गॅलरीत, एक कपाटात. उजेड नसला की रोप नीट वाढत नाही, हे मला दाखवायचं होतं. आठ दिवसांनी कपाट उघडलं. गॅलरीतले मूग चार बोटं, हिरवे, धट्टेकट्टे, खाली मान घालून अभ्यास करणाऱ्या मुलांसारखे. कपाटातले वीतभर! पिवळे, लुकडे, पण वीतभर. शास्त्र माझ्या बाजूने होतं : अंधारात रोप उजेड शोधत बियांतली सगळी शिदोरी उंची वाढवण्यात उधळतं, हरितद्रव्य तयार होत नाही, आणि शिदोरी संपली की आडवं होतं. मी हे सगळं सांगितलं. ईशान वर्गात उंचीने शेवटून दुसरा आहे. त्याने त्यातलं फक्त पहिलं वाक्य घेतलं. आठवडाभर सकाळी सात वाजता त्याच्या खोलीतून आवाज यायचा, "पडदा उघडू नका, मी वाढतोय."

कपाटातली वाटी माझ्या इस्त्रीच्या शर्टांशेजारी ठेवली होती. तो वास सांगण्यासारखा नाही.

आषाढी एकादशीला मी शांत राहायचं ठरवलं होतं. पण समोर साबुदाण्याची खिचडी आली आणि मुक्ताने विचारलं, "बाबा, साबुदाणा झाडाचा कोणता भाग?" मूळ, मी म्हणालो. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदासारख्या मुळातल्या पिठाचा करतात. आणि टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला. "आणि शेंगदाणा?" तोही तिकडचाच. शेंगदाण्याची गंमत तर मला फारच आवडते. फूल वर जमिनीवर येतं, आणि मग त्याचा देठासारखा दांडा खाली वाकून मातीत घुसतो आणि शेंग तिथे धरते. सगळ्या झाडांनी फळं मिरवायची आणि याने पुरून ठेवायची. ठेवीदारांत असं एखादं गिऱ्हाईक असतं. "मिरची?" अमेरिका. "बटाटा?" अमेरिका. "रताळं? राजगिरा?" मी मान हलवत गेलो. ताटात भारतीय म्हणावं असं जिरं, तूप आणि वरीचे तांदूळ उरले. त्यातलं जिरंही बहुधा पश्चिमेकडून आलेलं. आणि वरी? वरी हे गवताचं बी. तांदूळही गवताचंच बी. मग तांदूळ उपासाला का चालत नाही, या प्रश्नावर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईने इतिहासात शिरलो.

"कोलंबस अमेरिकेत पोचला १४९२ मध्ये," मी म्हणालो. "पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये. हे सगळं त्यानंतर आलं. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. म्हणजे माउलींनी साबुदाण्याची खिचडी कधी पाहिलीसुद्धा नाही."

आईचा घास हातातच राहिला. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं. "मग ते एकादशीला खायचे तरी काय?"

"काही नाही," आबा म्हणाले. "त्याला उपास म्हणतात."

आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, आणि आबांशी द्वादशीचं पारणं सुटेपर्यंत.

यानंतर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मला प्रकाशसंश्लेषणाचा पुरावा दाखवायचा होता. पान स्पिरिटमध्ये उकळून त्यातलं हरितद्रव्य काढायचं आणि मग त्यावर आयोडीन टाकायचं, हा शाळेतला प्रयोग. घरात स्पिरिट आणि गॅस एकत्र आणायला मीनलने साफ मनाई केली, आणि ते योग्यच होतं. म्हणून मी सोपा मार्ग काढला. औषधाच्या डब्यातली बेटाडिनची बाटली घेतली, थोडं पाणी घालून पातळ केलं, आणि मुलांच्या हाती ड्रॉपर दिला. पिष्ट जिथे असेल तिथे थेंब निळा-काळा होतो. बटाट्याची फोड : काळी. भाताचं शीत : काळं. पोळीचा तुकडा : काळा. साखर, मीठ, दूध : तपकिरीच. "कारण पिष्ट कोण तयार करतं?" मी विचारलं. "झाड!" दोघं ओरडली. "गाय करते का?" "नाही!" मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिकवणं कुणाला तरी समजलं होतं.

ड्रॉपर पुढे दोन दिवस घरभर फिरला. ते दोन दिवस शनिवार-रविवार होते आणि रविवारी राखीपौर्णिमा. माझी बहीण दुपारी आली. भाचा सीएची एक पायरी चढला होता, त्याचे पेढे. नेहमीच्या दुकानातले, केशरी, वर पिस्त्याचा काप. सगळे तोंडभर कौतुक करत असताना ईशानने एक पेढा बशीत घेतला, मान तिरकी करून त्यावर थेंब टाकला, आणि आम्ही सगळे बघत असताना तो पेढा हळूहळू, कडेपासून आत, आषाढातल्या ढगासारखा काळानिळा झाला.

खोलीत कुणी बोललं नाही. खव्यात कणीक किंवा कसलं तरी पीठ घातलं की असं होतं, हे मला आणि मीनलला कळलं होतं. बहिणीला कळलं नव्हतं, पण काहीतरी वाईट घडलंय एवढं तिला कळलं. ईशानने मात्र शिकवलेल्या क्रमानेच विचार केला. पिष्ट आहे. पिष्ट गाय करत नाही. पिष्ट झाड करतं.

"आत्या," तो आनंदाने म्हणाला, "तुझे पेढे झाडाला लागतात!"

बहिणीने राखी बांधली, पण गाठ जरा जास्तच घट्ट बसली. गौरी-गणपतीला ती आली तेव्हा हातातला बर्फीचा पुडा कुणाच्या हाती न देता थेट देवापुढे ठेवला आणि मग ईशानला विचारलं, "नैवेद्यावर थेंब टाकत नाहीत ना रे?"

गणपतीत नंबर मुक्ताचा होता. तिच्या वहीत एव्हाना तीसेक पानं चिकटवलेली होती, खाली नावं, कुळं, कुठे मिळालं ते. चतुर्थीच्या पहाटे माझ्याबरोबर ती पत्री आणायला आली. कोपऱ्यावरच्या मावशी एकवीस पत्रींची म्हणून जुडी विकत होत्या. मुक्ताने ती तिथेच फुटपाथवर सोडली. दुर्वा, बेल, आघाडा, रुई, शमी, तुळस, कण्हेर. पुढे तेच तेच. "मावशी, यात सातच प्रकार आहेत. मरवा नाही, डोरली नाही, देवदार नाही."

"देवदार हवा?" मावशींनी जुडी परत बांधत विचारलं. "हिमालयाचं भाडं काढ, जाऊन आणते."

मी पैसे देऊन तिला ओढत घरी आणलं. पण पूजेत गुरुजी भेटलेच. गुरुजी एकेका पत्रीचं नाव घेत, हाताला येईल ते पान वाहत होते आणि त्यांना साडेनऊला पुढचं घर होतं. मुक्ता चौरंगाशेजारी. "गुरुजी, ही जाई नाही, हा आघाडा आहे." "असू दे बाळ." "गुरुजी, हा अर्जुन नाही, हासुद्धा आघाडाच आहे." बाराव्या आघाड्याला गुरुजींनी ताम्हनातलं पाणी माझ्या हातावर जरा जोरातच सोडलं.

मोदकांनी तिला थोडं शांत केलं. उकड तांदळाची म्हणजे बी, गूळ उसाचा म्हणजे खोड, ओलं खोबरं नारळाच्या बीतलं, वेलची फळातली, खाली घातलं ते हळदीचं पान, आणि वर केशर, म्हणजे फुलाचं कुक्षीकडचं टोक, जायांगाचाच भाग. "फक्त मूळ राहिलं," ती एकविसावा मोदक मोजत म्हणाली. "पुढच्या वर्षी सारणात गाजर घालूया?" आई पुन्हा माझ्याशी बोलेनाशी झाली.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

मुक्ताच्या पानांच्या वहीसाठी पानं दाबून वाळवायला जड कागद लागत. घरातले सगळ्यांत जड कागद म्हणजे माझ्या गृहकर्जाची फाइल. श्रावणात ऑफिसातल्या एकाने तिच्यासाठी पानफुटीचं एक पान दिलं होतं. तेही तिने फाइलमध्ये घातलं आणि विसरली. सप्टेंबरात मला मंजुरीपत्राची प्रत हवी होती. फाइल उघडली. पान वाळलं नव्हतं. जरा पिवळट, जरा सुरकुतलेलं, पण मांसल; आणि त्याच्या कडेच्या एकेका खाचेतून दोन-दोन इवल्या पानांचं रोप वर आलेलं, खाली केसासारखी बारीक मुळं, मंजुरीपत्राच्या शिक्क्यावर पसरलेली. माती नाही, पाणी नाही, वर अर्धा किलो कागद. कर्जाला फाटे फुटलेले मी रोज पाहतो, मुळं फुटलेली पहिल्यांदा पाहिली. मी मुलांना हाक मारली, आणि आम्ही तिघं जमिनीवर पालथे पडून ते पान बघत राहिलो. मीनलही आली, पदर खोचून, ओरडायला म्हणून, आणि चौथी पालथी पडली.

ती नऊ रोपं होती. पानफुटी मूळची मादागास्करची, आपल्या गुलमोहराच्या गावची, आणि तिला मरणं जमत नाही असं दिसतं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत लावली. प्रत्येक रोपाची पानं गळली, गळलेल्या प्रत्येक पानाला पुन्हा रोपं. ईशान खतावणीत नोंद ठेवतो. चक्रवाढ व्याज म्हणजे काय, हे त्याला आता मी शिकवायची गरज नाही. आजअखेर शिल्लक त्र्याण्णव. गॅलरी भरली, खिडक्या भरल्या, आबांच्या तंबाखूच्या जुन्या डबीतही एक आहे. तळमजल्याच्या काकूंना सहा दिली, त्यांनी तीन परत पाठवली. गुरुजींनी फोन उचलला नाही.

तरी आपल्यापैकी कुणाला पानफुटी हवी असेल तर रविवारी सकाळी दहानंतर केव्हाही यावं. कितीही न्यावीत, पैसे नाहीत. पिशवी आणि डबे घरून आणावेत. पेढे कृपया आणू नयेत.